पंचवीस डॉलरची पत

परवा रात्री न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. "बाबा, मीही तुमच्या धंद्यात पडले! केनियातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईला २५ डॉलर कर्ज दिलंय." पाठोपाठ फोटोही आला. छोटेसे दुकान, दाराशी शिवणयंत्र, मागे टांगलेले शाळेचे गणवेश. मला लेकीचे कौतुक वाटले. पण हाडाचा बँकवाला गप्प कसा बसणार? विचारले, "व्याज किती? हप्ता कधी?"

"आम्हाला व्याज नसतंच, बाबा."

"तुला नसेल गं. तिच्याकडून किती घेतात?"

तिला सांगता येईना.

'कीवा' ही तिची संस्था २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. कुणीही २५ डॉलरपासून कर्ज द्यावे, फेडीतून मुद्दल परत घ्यावे, अशी तिची रीत. मात्र बहुतेक कर्जे त्या त्या देशातल्या वित्तसंस्थांमार्फत जातात आणि त्या संस्था सहसा कर्जदाराकडून व्याज घेतात. यात फसवणूक नाही. दारोदार जाऊन लहान कर्जे वाटायची आणि वसूल करायची, तर खर्च येतोच. पण आपल्या दानतीचा हिशेब आपल्या खिशापाशी थांबू नये, एवढेच.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी केळापूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस. एका विधवा बाईला शिवणयंत्रासाठी कर्ज मंजूर केले. छापील फॉर्मवर मासिक हप्ता होता, तोच मी भरला. चार महिने तिने नेमाने पैसे आणले. मग आषाढात थकली. मी शाखेत बोलावून घेतले, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, हप्ता दर महिन्याले येते, गिऱ्हाईक दिवाळीले येते. मी का करू?"

मी काय केले? नोटीस काढली. तिने यंत्र विकून कर्ज फेडले. आमच्या वहीत खाते 'नियमित' झाले आणि तिचा धंदा बुडाला. तिचे वाक्य मात्र आजवर कुठल्याच वहीत बंद झालेले नाही.

यवतमाळचा माणूस तिचे म्हणणे लगेच ओळखेल. आमच्याकडे जूनमध्ये बियाणे, मग खत, निंदण. पैसा नुसता जातच असतो. कापूस वेचून विकला की दिवाळीच्या पुढेमागे तो घरात येतो. मग लुगडी, पोलकी, लग्नसराई. शिंपीण असो, चहाचे दुकान असो की बांगड्यांची टोपली, सगळे धंदे कपाशीच्या बोंडाला बांधलेले.

पुढे व्यवस्था सुधारली. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तारणाऐवजी बायकांची एकमेकींवरची खात्री कामी आली. त्यामागोमाग खासगी वित्तसंस्थाही गावात शिरल्या. एकाच बाईला तीन-तीन संस्थांचे कर्ज आणि दर आठवड्याला वसुली. पैनगंगेपलीकडच्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २०१० साली या प्रकाराने इतका हाहाकार झाला की सरकारला अध्यादेश काढावा लागला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातही हप्ते थकले, मोर्चे निघाले.

व्याजाचेही तसेच. कुणी "वर्षाला फक्त १२ टक्के" म्हटले तर विचारा, सरळ की घटत्या शिलकीवर? १०,००० रुपयांवर सरळ १,२०० रुपये व्याज लावून १२ समान हप्ते घेतले, तर खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. कारण फेडलेल्या मुद्दलावरही ती व्याज भरतच राहते.

रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम या बाबतीत शहाणे आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत आणि हप्त्याची मुदत कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठेवण्याची सोय हवी. ही शेवटची ओळ वाचली तेव्हा मला आषाढातली ती बाई आठवली. पण नियम कागदावर असून भागत नाही. कर्ज देणाऱ्याने समोरच्याचे वर्ष कसे जाते, हे विचारायला हवे.

म्हणून लेकीला म्हटले, कर्ज जरूर दे. दानाने माणूस ओशाळतो, कर्जाने त्याची पत होते. फक्त तीन गोष्टी विचारून घे : खरे व्याज किती, आधीची कर्जे किती आणि धंद्याचा हंगाम कोणता.

दोन दिवसांनी तिचा निरोप आला : "बाबा, व्याज शोधतेय. पण तिकडे शाळा जानेवारीत सुरू होतात. गणवेशाचं गिऱ्हाईक तेव्हाच असणार."

मला जे उमजायला एक शिवणयंत्र विकले जावे लागले, ते पोरीला दोन दिवसांत कळले.