सांगत राहावं का?



गेल्या काही महिन्यांत नात्यातल्या तीन-चार जणांनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सुचवली आहे. "काकू, तुमची श्रद्धा तुमच्यापाशी असू द्या, लोकांना कशाला सांगत बसता? दिवस बरे नाहीत." एकाने तर सरळ विचारलं, "इतकी वर्षं सांगताय, कोण आलं?" हे सगळे माझ्या काळजीनंच बोलतात, त्यामुळे राग नाही. पण फोनवर पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते. ते वाचतीलच.

"कोण आलं?" याचं उत्तर सोपं आहे. कोणीही नाही. माझं माहेर नगरकडचं, तिकडे ख्रिस्ती मंडळी पुष्कळ. लग्न होऊन इकडे आले. शेळगावात आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. सगळी नोकरी या भागात झाली, गाव मला अजून बाईच म्हणतं. नाताळच्या करंज्या सगळ्या घरांत जातात, आणि ज्यानं विचारलं त्याला मी येशूविषयी सांगते. ऐकणारे ऐकतात, चहा घेतात, "चांगलं आहे बाई" म्हणतात आणि उसाच्या बिलाचा विषय काढतात. थट्टेचं मला काही वाटत नाही. वर्गात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला थट्टेची सवय असते. "तुम्हाला यासाठी बाहेरून किती येतात हो?" हा प्रश्न मात्र लागतो. आणि त्याहून लागतं ते "चांगलं आहे" म्हणून विषय बदलणं.

पण हिशेबच करायचा तर आधी गॉर्डन हॉलचा करू. हा अमेरिकन तरुण १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. कंपनी सरकारला हे लोक नकोच होते, परत पाठवायची तयारी झाली होती. कसाबसा टिकला, मराठी शिकला, बाजारात, देवळांच्या आवारात बोलत फिरला. मिशनने शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुंबईत मुलींचीही काढली. २० मार्च १८२६ ला नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीने गेला, तेव्हा बेचाळिशीही गाठली नव्हती. तेरा वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा धड नव्हती. आमच्या पुतण्याच्या हिशेबाने हॉल नापास. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मराठीत आणलेला नवा करार मात्र त्याच १८२६ साली छापून झाला.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ. त्याने सरकून जागा दिली, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, मग हळूच ख्रिस्ताचा विषय काढला. उतरण्यापूर्वी नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही बोलून गेला. टिळकांना पुस्तक सुरुवातीला रुचलं नव्हतं, पण वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज मराठी मंडळ्यांतून रविवारी जी भजनं म्हटली जातात त्यांतली कितीतरी टिळकांची. आणि तो डब्यातला माणूस?  माझ्या मनात नेहमी येतं, त्या दिवशी घरी गेल्यावर त्याला बायकोनं विचारलं असेल, "काय झालं आज?" तर तो म्हणाला असेल, "काही नाही, एक ब्राह्मण भेटला, पुस्तक घेतलं बिचाऱ्यानं भिडेखातर."

वर्गात एकदा भाषेच्या तासाला दृष्टान्तकथांचा विषय निघाला, तेव्हा पेरणाऱ्याचा दाखलाही मी कथा म्हणून सांगितला होता. बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यांत पडलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, त्यो पाभरीनं पेरत नव्हता का? येवढं बी वाया कशाला घालवायचं?" वर्ग हसला. पण प्रश्न खरा शेतकऱ्याचा होता. तिकडे फोकून पेरायची रीत होती. पाभरीवर चाडं धरणाऱ्याला बी कुठे जातंय ते दिसतं, फोकणाऱ्याला तसं ओळीनं मोजता येत नाही. मी तेव्हा फक्त पेरणीच्या पद्धतींवर बोलले आणि तास पुढे नेला.

पुढे नेला, कारण वर्ग ही ती जागा नव्हे. माझ्या हातात मार्क होते. ज्याच्या हातात मार्क आहेत, औषध आहे, धान्याचं पोतं आहे किंवा नोकरी आहे, त्यानं समोरच्याला धर्म सांगू नये, कारण समोरच्याला उठून जाता येत नाही. हे माझं ठाम मत आहे आणि यावर आमच्याच काही पाळकांशी माझे वाद झाले आहेत. सांगायचं ते बरोबरीच्या माणसाला, ज्याला "नको" म्हणता येतं. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही असाच भेद केला: धर्माची शिकवण सांगणं हा घटनेच्या पंचविसाव्या कलमाखाली हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा हक्क नाही. त्या निकालावर आमच्यातले पुष्कळ नाराज आहेत. मला त्याची अडचण वाटत नाही. माणूस बदलणं हे माझं काम कधी नव्हतंच.

टिळकांच्या घरीच पाहा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई लगेच झाल्या नाहीत, काही वर्षं तर दोघं वेगळी राहिली. त्या बदलल्या त्या स्वतःच्या विचारानं, जातिभेद देवानं केला की माणसानं या प्रश्नाशी झगडून. ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल त्यांनी धर्म बाजूला ठेवून तरी वाचावं. असं मराठी पुन्हा नाही.

आता आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण. बारामतीहून सुपे, चौफुला करत केडगावला जाता येतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९३ मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर गहजब झाला. मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप होऊन रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. एकीकडे हे. दुसरीकडे, ज्या इंग्लंडात त्यांचा १८८३ साली बाप्तिस्मा झाला, तिथल्या धर्मगुरूंनाही त्यांचे प्रश्न सोसत नव्हते. मग केडगावला जमीन घेऊन त्या दुष्काळातल्या मुली सांभाळत बसल्या, हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि अडाणी बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत अख्खं बायबल भाषांतरित केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या. बायबल छापून पुरं झालं १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी. आणि मंडळ्यांनी ते उचललंच नाही. आजही उपासनेत वाचतात ते बायबल सोसायटीचं. इतक्या वर्षांच्या कामाला याहून निराशेचं फळ कोणतं म्हणायचं? तरी केडगावचं काम अजून चालू आहे.

तेव्हा पुतण्याला माझं उत्तर असं. दिवस बरे नाहीत हे मान्य. दारोदार मी पूर्वीही जात नव्हते, आता गुडघे नेणारही नाहीत. पण विचारणाऱ्याला "ते जाऊ दे" म्हणणं मला जमणार नाही. आषाढात तुकोबांची पालखी अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. आमच्या भागातलं प्रत्येक घर त्या दिवसांत वारकऱ्यांचं असतं, आमचंही. ओट्यावर टेकलेल्या म्हाताऱ्या मला मोकळेपणानं त्यांच्या विठोबाविषयी सांगतात आणि मी मन लावून ऐकते. मग त्या भिंतीवरचा क्रूस पाहून विचारतात, "ह्यो कोण गं तुमचा?" तेव्हा मी गप्प बसायचं? टिळक तर म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. मी इतकंच सांगते की हा आमचा देव, दुसऱ्यांसाठी मेला. त्या हात जोडतात, पाणी पितात आणि दिंडी गाठायला निघतात.

शेजारची धाकटी सून गेल्या उन्हाळ्यात नवा करार वाचायला घेऊन गेली. आपणहून मागितला. तिनं तो वाचला की माळ्यावर टाकला मला माहीत नाही. रोज सकाळी दूध घालायला येते, आम्ही भावाच्या आणि पावसाच्या गप्पा मारतो. पुस्तक तिनं परत आणलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही.