गोळी किती वाजता, गोळा किती वाजता?

पहाटेचे साडेतीन. मी हेडफोन लावून डेडलाइनशी झटापट करतेय आणि बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालतायत.

'झोप येत नाहीये का?'

'पोटरीत गोळा आलाय गं. तू कर तुझं काम.'

बाबांना पार्किन्सन्स आहे. पण आमच्या डोक्यात पार्किन्सन्स म्हणजे थरथरणारा हात, बस्स! पायाचं दुखणं आम्ही वयाच्या खात्यात टाकलं आणि बाम चोळत बसलो. चांगले आठ महिने. खरं तर जेम्स पार्किन्सननं १८१७च्या आपल्या निबंधातच पेशंटच्या झोपमोडीबद्दल लिहून ठेवलंय!

डॉक्टरांकडे बाबा जायचे सकाळी अकराला, गोळी ऐन फॉर्मात असताना. 'कसं काय?' 'ठीक.' रात्र तिथपर्यंत कधी पोचलीच नाही.

शेवटी मी एक वही केली. गोळी किती वाजता, गोळा किती वाजता. न्यूरॉलॉजिस्टनी ती पाहिली आणि उलगडा झाला. लेव्होडोपाचा असर काही तासांचाच. बाबांची रात्रीची गोळी पहाटेपर्यंत पुरत नव्हती. मग स्नायू आखडायचे, पायाची बोटं आत वळायची, कूस बदलणंही जड जायचं. डॉक्टरांनी गोळ्यांचं टाइमटेबल बदललं. (हे त्यांनीच करायचं हं, आपण नाही!)

दुखणं पुरतं गेलेलं नाही. पण बऱ्याच रात्री बाबा झोपतात.

तुमच्याही घरी कुणी असं रात्री चालत असेल, तर हेडफोन काढा आणि घड्याळ बघा. मी आठ महिने उशीर केला.