क्रिएटिनिन चढलं, म्हणून गोळी बंद?

रामिप्रिल किंवा लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन थोडं चढतं आणि घरात घबराट उडते: गोळीनेच किडनी बिघडवली! पण हा सहसा गैरसमज असतो. ही औषधं मूत्रपिंडातल्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी सूक्ष्म धमनी सैल करतात. जखमी मूत्रपिंडात उरलेल्या गाळण्या जादा दाबाखाली राबत असतात. तो दाब उतरतो, गाळणं जरा मंदावतं, पण लघवीतून जाणारं प्रथिन घटतं. म्हणून क्रिएटिनिनमधली ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील किंवा जुलाबांनी अंग कोरडं पडलं असेल, तर मात्र हाच उतार महागात पडतो. आणि गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामकं? ती गाळणीत रक्त आणणारी धमनी आवळतात. त्यांना कुणी घाबरत नाही!