मुसाफिराची कसर

माझे मोठे चुलतभाऊ शारजात पाण्याचा टँकर चालवतात. गेल्या खेपेला ते दुबईहून पुण्यात उतरले ते सकाळी साडेआठला. नागपूरचं विमान संध्याकाळी सहाचं. मी फोनवर म्हटलं, ‘भाईजान, घ्यायला येतो.’ ते म्हणाले, ‘कशाला पेट्रोल जाळतोस? बसतो इथंच. दिवसच किती राहिलाय!’

दिवस जवळजवळ अख्खा राहिला होता. वर्षाला एक महिन्याची सुट्टी मिळणाऱ्या माणसाला एक दिवस म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरीही ते विमानतळावरच बसणार होते, आणि आपल्यातले बहुतेक जण असेच बसतात. बॅगांची काळजी असते, पुढचं विमान चुकण्याची धास्ती असते. भाईजाननी तिसरं कारणही हळूच सांगितलं. ‘दाढी-टोपीवाला माणूस दोन मोठ्या बॅगा घेऊन अनोळखी गावात फिरतोय, हे बरं दिसतं का?’

मला हे बसून राहणं पटत नाही. आपल्याकडे मुसाफिराबद्दल जे सांगितलंय, त्यातून यावर चांगला तोडगा निघतो असं मला वाटतं.

प्रवासात नमाज कसर होते. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज रकात दोन होतात, फजरचे दोन आणि मगरिबचे तीन तसेच राहतात. मराठीत कसर म्हणजे उणीव, ‘कसर राहिली’ असं आपण म्हणतो. नमाजीतल्या कसरीत उणीव नाही. मुसाफिराची दोन रकात ही पूर्ण नमाजच असते. सवलत आहे ती आटोपशीर करण्याची, सोडून देण्याची नव्हे. दोन विमानांमधल्या वेळेचंही तसंच करावं. यादी छाटून एकावर आणावी, आणि ते एक नीट पाहावं. शनिवारवाडा, दगडूशेठ, तुळशीबाग, सिंहगड असं सगळं सहा तासांत कोंबणारा माणूस शेवटी रिक्षाच पाहतो.

पुण्यातलं ते एक ठिकाण कोणतं? हाताशी चार-पाच तासच असतील तर विमानतळापासून जवळ, येरवड्याचा आगाखान पॅलेस. १९४२च्या ऑगस्टपासून गांधीजींना तिथं कैदेत ठेवलं होतं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथंच वारले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. एक तास तिथं शांतपणे गेला तरी सार्थक होतं. आठ-नऊ तास असतील तर मात्र मी खडकवासला सुचवेन. लोहगावहून साधारण तीस किलोमीटर. सिंहगड रस्त्याची गर्दी धरून जायला दीड तास, यायला दीड तास. शनिवार-रविवार असेल तर बेत सोडून द्यावा. चौपाटीवर गाड्यांची रांग लागते आणि विमान खरंच चुकू शकतं.

खडकवासलाच का? कारण पुणं हे पाणी पितं. पानशेत, वरसगाव, टेमघर ही वरची तीन धरणं आणि खाली खडकवासला, अशी ही साखळी. चारही मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही. वरचं पाणी इथं येतं, थोडं थांबतं आणि पुढं निघतं. काही पर्वतीच्या जलकेंद्राकडे, काही कालव्यानं दौंड-इंदापूरच्या शेतांकडे. म्हणजे खडकवासला हा पाण्याचाही मुक्काम नाही, थांबाच आहे. पण तो थांबा नसता तर पुढच्यांपर्यंत काहीच पोचलं नसतं.

मूळ धरण एकोणिसाव्या शतकातलं, इंग्रजांनी मुठेवर बांधलेलं. विश्वेश्वरय्यांनी तयार केलेली आपोआप उघडणारी दारं १९०३ साली पहिल्यांदा इथंच बसवली गेली. १२ जुलै १९६१ला बांधकाम चालू असलेलं पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यानं त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. पुण्याच्या जुन्या घरांत अजूनही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी काळाची मोजणी चालते. शहर कसं जगतं आणि कसं बुडालं होतं, हे दोन्ही एका जागी उभं राहून समजतं. वाड्याच्या दरवाज्यासमोर फोटो काढून ते समजत नाही.

तर, मी भाईजानना बळंच गाडीत घातलं. बॅगा डिकीत. धरणाच्या बाजूला रस्त्याकडेला उभे राहिलो. सोळा वर्षं ज्यांनी समुद्राचं पाणी गोडं करून भरलेले टँकर ओढले, ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, ‘हे असंच गोडं आहे? आभाळातून पडलेलं?’ हो म्हटलं. कणीसवाल्या बाईंनी त्यांना एवढंच विचारलं, ‘चाचा, तिखट जास्त लावू का?’ दाढी-टोपीचा प्रश्न तिथं तरी कुणाला पडला नव्हता. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण भीतीपोटी आधीच बसून राहिलो, तर हा अनुभवही येत नाही.

परतताना सिंहगड रस्त्यावर एका मित्राच्या दुकानाच्या माळ्यावर जोहर अदा केली. भाईजान इमाम, मी मागे. दोन रकातींवर त्यांनी सलाम फेरला, कारण ते मुसाफिर. मी मुकीम, म्हणून उठून उरलेल्या दोन पूर्ण केल्या. एकाच शहरात, एकाच चटईवर, एकाची नमाज झाली होती आणि दुसऱ्याची चालू होती. चार वाजता ते विमानतळात शिरले.

माझ्यासारखा भाऊ प्रत्येकाला पुण्यात नसतो, म्हणून दोन गोष्टी. परदेशातून येताना पहिल्या भारतीय विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावं लागतं. तेव्हा पुढच्या विमानासाठी ते किती आधी जमा करून घेतील, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवा. आणि धरणावर वजूसाठीही पाण्यात उतरू नका. तिथं बुडून जीव गेल्याच्या बातम्या वारंवार येतात. वजूला बाटलीतलं पाणी पुरतं.

एक मागणी मात्र आपण सगळ्यांनी करायला हवी. रेल्वे स्टेशनवरच्या क्लोकरूमची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. थोडे पैसे भरून बॅग ठेवायची तशीच सोय प्रत्येक विमानतळावर, ठळक पाटी लावून, असायला हवी. खुर्चीवर सर्वांत जास्त तास तोच माणूस काढतो ज्याची सुट्टी सर्वांत छोटी असते. श्रीमंत माणूस थेट विमानाचं तिकीट काढतो.

भाईजानचा नागपूरहून रात्री फोन आला. पोचल्याचं सांगून झाल्यावर म्हणाले, ‘पुढच्या वर्षीही पुण्यावरूनच काढतो तिकीट. अम्मीला दाखवायचंय ते पाणी.’