'आधी वाचून या' म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर

व्हिडिओ गेमला मॉड बसवून खेळणाऱ्यांच्या जगात एक वाक्य फार चालते: "आधी वाचून या." नवा खेळाडू विचारतो, "स्कायरिम सुरू होतो आणि पहिल्या चिन्हालाच बंद पडतो, काय करू?" त्यावर एखादा जुना जाणकार हे तीन शब्द फेकतो आणि पुढे जातो. बघणारे हसतात. विचारणारा गप्प होतो आणि बहुतेकदा पुन्हा विचारत नाही. हा सल्ला आहे, असे समर्थन केले जाते. आमचे म्हणणे असे की, हे दार लावून घेणे आहे. आणि ज्या घराचे दार लावले जाते, ते घर दार लावणाऱ्याने एकट्याने बांधलेले नाही.

काही साथी म्हणतील, एवढे प्रश्न समोर असताना गेमच्या मॉडवर लेख कशाला? उत्तर साधे आहे. फाइल, फोल्डर, आवृत्ती, त्रुटीची नोंद यांच्याशी अनेक मुलामुलींची पहिली खरी ओळख वर्गात होत नाही, बिघडलेला गेम दुरुस्त करताना होते. तिथे विचारल्यावर उत्तर मिळते की टिंगल होते, यावर ते मूल पुढे संगणकाला हात लावताना बिचकेल की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

आता पहिला सवाल. वाचा म्हणता, पण काय वाचा?

बेथेस्डा कंपनीचा स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. तो ३२ बिटचा होता. २८ ऑक्टोबर २०१६ ला त्याची ६४ बिटची स्पेशल एडिशन आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अॅनिव्हर्सरी एडिशन आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक मोठे अपडेट. नाव एकच, पण मॉड बसवणाऱ्याच्या दृष्टीने हे वेगवेगळे खेळ आहेत. २०१२ साली लिहिलेली सूचना २०१६ च्या आवृत्तीला लावली तर गेम दुरुस्त होण्याऐवजी जास्त बिघडतो. कोणती सूचना आपल्या आवृत्तीची, हे ओळखायला आधी तेच ज्ञान लागते जे नसल्यामुळे माणूस विचारायला आला आहे. विहिरीचे पाणी हवे तर आधी पोहरा भरून आण, असे सांगण्यासारखा हा प्रकार आहे. त्यात बहुतेक सर्व सूचना इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने त्या वाचल्या नाहीत असे गृहीत धरणारे लोक, त्याने त्या तीनदा वाचल्या असतील आणि कळल्या नसतील, ही शक्यता लक्षातच घेत नाहीत.

दुसरा सवाल. गेम बंद पडतो तेव्हा तो स्वतः काय सांगतो? बहुतेक वेळा काहीच नाही. एखादा मॉड दुसऱ्या मॉडच्या फाइलवर अवलंबून असतो. ती मूळ फाइल, जिला मास्टर म्हणतात, नसेल तर गेम चिन्ह दाखवून सरळ डेस्कटॉपवर येऊन पडतो. कारण सांगत नाही. दोन मॉड एकाच पात्रात किंवा एकाच गावात बदल करत असतील तर यादीत जो शेवटी असेल त्याचे चालते, आधीच्याचा बदल गुपचूप पुसला जातो. खेळ चालू असताना मध्येच स्क्रिप्टवाला मॉड काढून टाकला, तर त्याचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात आणि दहा-वीस तासांनी भलत्याच ठिकाणी त्रास देतात. एखाद्या पात्राचा चेहरा अचानक राखाडी-काळा पडतो, कारण चेहऱ्याची नोंद एका मॉडची आणि डोक्याची फाइल दुसऱ्या मॉडची असते. यातले काहीही पडद्यावर लिहून येत नाही.

मग हे सारे आपल्याला कळले कसे? कंपनीने सांगितले म्हणून नाही. कुणाचा तरी गेम बंद पडला, त्याने विचारले, दुसऱ्याने अंदाज केला, तिसऱ्याने आपल्या संगणकावर तोच बिघाड घडवून पाहिला आणि चौथ्याने कारण लिहून ठेवले. बंद पडण्याच्या क्षणी काय चालले होते याची नोंद काढणारी क्रॅश लॉगर नावाची साधने खेळाडूंनीच बनवली. मॉडमधील संघर्ष रंगांत दाखवणारे एक्सएडिट खेळाडूंनीच बनवले. मॉडची यादी योग्य क्रमाने लावणाऱ्या एका साधनाचे नाव 'लूट' आहे. नाव लूट, काम मात्र वाटपाचे! कोणता मॉड कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर, याची त्यातली भलीमोठी यादी स्वयंसेवकांनी लोकांच्या तक्रारींतून वर्षानुवर्षे उभी केली आहे.

म्हणजे आज जो "आधी वाचून या" म्हणतो, तो जे वाचून मोठा झाला तेही कुणाच्या तरी बावळट वाटणाऱ्या प्रश्नातून जन्मले आहे. प्रश्न विचारणारा हा या ज्ञानाचा ग्राहक नाही, तो त्याचा सहनिर्माता आहे. त्याला हाकलणे म्हणजे पुढचे ज्ञान जन्मण्याआधीच बंद करणे.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा घेऊ. ते म्हणतात, "आम्ही फुकट मदत करतो. तोच प्रश्न शंभरदा येतो. विचारणारा ना यादी देतो, ना आवृत्ती सांगतो, नुसते 'चालत नाही' म्हणतो. आम्ही थकणार नाही तर काय?" यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. मदत हे श्रम आहेत. रात्री बसून परक्याची दोनशे मॉडची यादी तपासणे हे कुठल्याही कार्यालयातल्या तांत्रिक कामापेक्षा हलके नाही. पण थकवा खरा असला तरी त्याचा राग काढायची जागा खरी आहे का, हे तपासले पाहिजे. तोच प्रश्न शंभरदा का येतो?

नोव्हेंबर २०२१ चे उदाहरण पाहा. कंपनीने मूळ प्रोग्रॅम नव्या कंपायलरने बांधला. त्यामुळे प्रोग्रॅमच्या आतले पत्ते हलले आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर व त्यावर उभे असलेले मॉड निकामी झाले. स्टीमवर अपडेट आपोआप उतरते. रात्री चालणारा गेम सकाळी मोडला आणि खेळाडूला वाटले, आपलेच काही चुकले. गेम जुन्या आवृत्तीवर परत नेण्याचे साधन कोणी बनवले? खेळाडूंनी. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच झाले. एप्रिल २०२४ मध्ये फॉलआउट ४ च्या मोठ्या अपडेटने तोच फटका दिला. 'फॉलआउट: लंडन' हा स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून बनवलेला प्रचंड मॉड २३ एप्रिलला यायचा होता. त्या अपडेटपायी तो पुढे ढकलावा लागला. शेवटी तो २५ जुलै २०२४ ला आला, तोही गेम जुन्या आवृत्तीवर नेऊनच चालवायचा या अटीवर.

बिघाड वरून येतो आणि दुरुस्तीचा भार खाली पडतो. खाली भार वाहणारा थकतो आणि आपल्याहून खालच्यावर ओरडतो. वरच्याला कोणी जाब विचारत नाही. कंपनीने अपडेट नाकारण्याचा साधा पर्याय द्यावा, जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवावी, बदलाची सूचना मॉड बनवणाऱ्यांना पुरेशी आधी द्यावी, या मागण्या सोडून आपण नवख्याच्या व्याकरणावर हसतो. हे आम्हाला मान्य नाही.

पैशाचा हिशेब तर याहून बोलका आहे. २३ एप्रिल २०१५ रोजी वाल्व्ह आणि बेथेस्डा यांनी स्कायरिमचे मॉड विकत देण्याची योजना आणली. वाटणी अशी: बेथेस्डाला ४५ टक्के, वाल्व्हला ३० टक्के, मॉड बनवणाऱ्याला २५ टक्के. पहिल्याच दिवसांत मासेमारीचा एक विकाऊ मॉड मागे घ्यावा लागला, कारण तो दुसऱ्या एका निर्मात्याच्या फुकट मिळणाऱ्या कामावर उभा होता. आणि विकत घेतलेला मॉड पुढे बिघडला तर? त्याच्या निर्मात्याला नम्रपणे कळवा, हा सल्ला. लाखाहून अधिक लोकांनी विरोधाच्या निवेदनावर सह्या केल्या आणि २७ एप्रिलला योजना गुंडाळली गेली.

त्या वेळी वाद झाला तो २५ टक्के कमी की जास्त यावर. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. ४५ अधिक ३० अधिक २५ म्हणजे १००. यात मदत करणाऱ्याचा रकाना कुठे आहे? ज्याने हजारो लोकांना मॉड बसवून दिले, संघर्ष सोडवले, सेव्ह वाचवल्या, त्याच्यावाचून त्या मॉडला बाजारच मिळाला नसता. तरी त्याचा वाटा शून्य. शून्यसुद्धा लिहिलेला नाही, कारण त्याचे काम हे काम म्हणून मोजलेच गेले नाही. आम्ही पैसे मागत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, जे श्रम मोजले जात नाहीत ते करणाऱ्यांनी निदान एकमेकांना मोजावे.

पण घडते उलटे. मॉड बनवणारा सर्वांत वर, त्याच्याशी ओळख असलेला जाणकार त्याच्या खाली, रोज उत्तरे देणारा त्याच्याही खाली आणि विचारणारा तळाला, अशी उतरंड इथेही लागते. याला आम्ही जात म्हणणार नाही. जातीच्या दाहाची गेममधल्या टोमण्याशी बरोबरी करणे हा त्या दाहाचाच अपमान ठरेल. पण ज्ञान अडवून मोठेपणा मिळवण्याची खोड कशी दिसते, हे आपल्या वाचकांना वेगळे शिकवावे लागत नाही. ती जिथे दिसेल तिथे बोट ठेवणे हे आपले काम आहे.

टीका करून थांबणे आम्हाला पटत नाही. म्हणून मदत करणाऱ्या साथींपुढे काही गोष्टी ठेवतो.

पहिली, हुकूम देऊ नका, कारण सांगा. "तो मॉड काढून टाक" हे उत्तर आजचा गेम चालू करते. "चेहऱ्याची नोंद एका मॉडची आणि फाइल दुसऱ्या मॉडची आहे, म्हणून दोन्ही एकाच मॉडच्या ठेव" हे उत्तर विचारणाऱ्याला उद्याचा मदतनीस करते. पहिल्या उत्तराने अवलंबून राहणारे तयार होतात, दुसऱ्याने स्वतंत्र माणसे.

दुसरी, पद्धत शिकवा. दोषी मॉड सापडत नसेल तर अर्धे मॉड बंद करा. गेम तरीही पडला तर दोष चालू असलेल्या अर्ध्यात आहे, नाही पडला तर बंद केलेल्यात. पुन्हा त्याचे अर्धे करा. दोनशे मॉड असले तरी आठेक फेऱ्यांत दोषी हाती लागतो. फक्त हे काम नव्या खेळावर करा, जुन्या सेव्हवर कधीच नको, आणि मास्टर फाइल व तिच्यावर अवलंबून असलेला मॉड यांची ताटातूट करू नका. ही पद्धत समजायला पदवी लागत नाही, समजावणारा लागतो.

तिसरी, क्रॅश लॉगमध्ये पहिले नाव दिसले की त्या मॉडवर आरोप ठोकू नका. लॉग हा पंचनामा आहे, निकाल नाही. त्यात नाव असणे म्हणजे घटनास्थळी हजर असणे एवढेच.

चौथी, उत्तर सर्वांना सापडेल असे लिहा आणि मराठीत लिहा. कानात सांगितलेले उत्तर एकाच्या कामी येते आणि सांगणाऱ्याचे महत्त्व टिकवते. उघड लिहिलेले उत्तर शंभरांच्या कामी येते. 'लोड ऑर्डर', 'प्लगिन' हे शब्द आहेत तसेच वापरा, त्यांचे संस्कृत भाषांतर करून नवी भिंत बांधू नका. वाक्य मात्र आपल्या बोलण्यातले असू द्या.

विचारणाऱ्या साथींनाही आम्ही सोडणार नाही. हक्क मागताना जबाबदारी टाळता येत नाही. गेमची नेमकी आवृत्ती सांगा. मॉडची पूर्ण यादी क्रमाने द्या. शेवटचा बदल कोणता केला, गेम कुठे पडतो, दर वेळी तिथेच पडतो का, हे लिहा. लॉग असेल तर तो द्या. आणि प्रश्न सुटला की "झाले, धन्यवाद" म्हणून पसार होऊ नका. कशाने सुटला ते लिहा. ते न लिहिणे म्हणजे ज्या पाणवठ्यावर प्यालात त्याची दोरी कापून जाणे होय. तुमच्या मागून तोच बिघाड घेऊन येणाऱ्याला मग तेच तीन शब्द ऐकावे लागतात.

आता शेवटचे, त्या जाणकारांसाठी. आपण थकला असाल तर खुशाल विश्रांती घ्या. मदत ही कोणाची वेठबिगारी नाही आणि नाही म्हणण्याचा आपला हक्क आम्ही मानतो. उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका, दुसरा देईल. पण उत्तर न देता अपमान देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? वाचायला सांगायचेच असेल तर काय वाचायचे, कोणत्या आवृत्तीचे वाचायचे आणि त्यातला कोणता भाग वाचायचा, हे सांगा. तेवढे सांगायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी ज्याला जड वाटतात, त्याने स्वतःला जाणकार म्हणवून घेऊ नये.