मेनू उघडला नाही म्हणून माणूस नालायक ठरत नाही



मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. बारावी झालेली, एमएस-सीआयटी केलेली, शाहूपुरीतल्या एका खाजगी कचेरीत कॉम्प्युटरवर बसते. घरात आई भांडीधुणी करते आणि दोन भाऊ शिकताहेत. आल्या आल्या तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काका, मी खोटं बोलत नाय वो. मेलचा मेनू खरंच उघडत नाय. पण साहेब बघायला आले की बरोबर उघडतोय. आता म्हणतात, तुला जमत नसेल तर सांग, दुसरी मुलगी बघतो."

आम्ही तिला आधी पाणी दिले, चहा दिला. मग म्हणालो, "रड नंतर. आधी नीट सांग."

कॉम्प्युटरवर काम करणारी मुले आता आपल्या घराघरांत आहेत. कुणी दुकानात, कुणी दवाखान्यात, कुणी गोदामात. यंत्र अडले की पहिला संशय यंत्रावर जात नाही, बसलेल्या माणसावर जातो. म्हणून या आठवड्यात हा विषय जरा विस्ताराने घेत आहोत.

त्या कचेरीत टपाल बघायला थंडरबर्ड नावाचा प्रोग्राम आहे. तो फुकट मिळतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली आणि आजही तो चालू आहे. आपण ब्राउझरमध्ये मेल बघतो, तसा हा नाही. हा मशीनवर बसवलेला असतो, आणि टपालही बऱ्याचदा त्याच मशीनवर साठवतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आम्ही तिला विचारले, "मेनू उघडत नाही म्हणजे नक्की काय होते?" कारण या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, मेनूची पट्टी दिसतच नाही. हा बिघाड नव्हे. विंडोजवर ती पट्टी लपवलेली असू शकते. आल्ट हे बटण एकदा दाबले की ती वर येते. शिवाय जुलै २०२३ मधल्या ११५ क्रमांकाच्या आवृत्तीने सगळी मांडणी बदलली, त्यामुळे जुन्या जागी हात जातो आणि तिथे काही सापडत नाही. तीन आडव्या रेघांचे बटण उजव्या बाजूला वर शोधावे.

दुसरी, मेनू उघडतो पण त्यातले शब्द फिके दिसतात, दाबले तरी काही होत नाही. हाही सहसा बिघाड नव्हे. पत्रच निवडले नसेल तर 'उत्तर द्या' हा हुकूम प्रोग्राम कुणाला लावणार?

तिसरी, पट्टी दिसते, बटण दाबले जाते, पण मेनू उघडत नाही किंवा नुसता काळा-पांढरा चौकोन येतो. आणि हे कधी होते, कधी होत नाही. मुलीचे हे तिसरे दुखणे होते.

कायमचा बिघाड परवडला, येऊन-जाऊन असलेला नको. उद्यमनगरातल्या कुठल्याही कारागिराला विचारा. लेथ बंदच पडले तर तो तासाभरात कारण काढतो. पण लेथ दिवसातून दोनदा अडखळते आणि मिस्त्री आला की सुरळीत चालते, तेव्हा त्याचाही घाम निघतो. असा बिघाड पकडायला पाना-पक्कड नंतर लागते, आधी वही लागते.

आम्ही तिला चाळीस पानी वही दिली. रकाने आखून दिले: तारीख, वेळ, मेनू अडला त्याआधी काय केले, मशीन कधी सुरू केले, काय केल्यावर पुन्हा उघडला. आणि बजावले की आठवडाभर काहीही बदलायचे नाही, नुसते लिहायचे.

इथे तिचा एक सहकारी घाईला आला होता. त्याचा सल्ला असा, की प्रोग्राम काढून टाक आणि परत बसव. दुसऱ्याने सांगितले, "ते प्रोफाइलचं फोल्डर उडव, सगळं नवं होईल." वाचकहो, यातला पहिला सल्ला बहुधा वाया जातो. प्रोग्राम काढला तरी आपल्या सेटिंग्ज आणि टपाल प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये तसेच राहतात, आणि परत बसवल्यावर जुने दुखणेही सोबत येऊ शकते. दुसरा सल्ला मात्र घातक आहे. टपाल त्याच मशीनवर उतरवून घेण्याची पद्धत असेल, तर त्या फोल्डरबरोबर वर्षानुवर्षांचे टपाल जाईल. मग बिले, पावत्या, करार कुठून आणणार? आणि ठपका कुणावर येणार, हे सांगायला नको. म्हणून काहीही करण्याआधी थंडरबर्ड बंद करून त्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवायची, ती सुद्धा साहेबांना विचारून.

आठ दिवसांनी मुलगी वही घेऊन आली. आम्ही कारकुनीतले. ताळा जुळला नाही की एकेक आकड्यावर खूण करत जायची सवय. वहीवर नजर फिरवली तर गोष्ट उघड होती. सहा वेळा मेनू अडला होता आणि सहाही वेळा दुपारी दोननंतर. सकाळी एकदाही नाही. साहेब चौकशीला यायचे ते सकाळी अकराला!

दुपारी दोनला काय होते? जेवणाची सुट्टी संपते. त्या अर्ध्या तासात मशीन आपोआप झोपी जाते, आणि उठल्यावर मेनू रुसतो. सहाही वेळा मशीन बंद करून चालू केल्यावर मेनू ठीक झाला होता. पण बंद-चालू करणे म्हणजे ताळ्यातला फरक सस्पेन्स खात्यात टाकण्यासारखे आहे. आजचा दिवस निघतो, चूक तशीच राहते.

पुढची तपासणी तिने स्वतः केली, आम्ही फक्त क्रम सांगितला.

आधी बिघाड मुद्दाम घडवायचा. मशीन दहा मिनिटे झोपवायचे, उठवायचे, मेनू दाबायचा. अडला! हवा तेव्हा बिघाड दाखवता येऊ लागला, तिथे निम्मे काम झाले.

मग शिफ्ट हे बटण धरून थंडरबर्ड सुरू करायचे. मेनूच उघडत नसताना 'हेल्प'मध्ये जाणार कसे? म्हणून हा मागचा दरवाजा ठेवलेला आहे. याला ट्रबलशूट मोड म्हणतात, पूर्वी सेफ मोड म्हणत. समोर येणाऱ्या चौकटीत कुठलीही खूण न करता पुढे जायचे. यात बाहेरून जोडलेली सगळी अ‍ॅड-ऑन तात्पुरती बाजूला होतात आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही थांबते. मशीन झोपवले, उठवले, मेनू उघडला. म्हणजे मूळ प्रोग्राम निरोगी आहे, दोष जोडलेल्या गोष्टींत आहे.

मग नेहमीसारखे सुरू करून एका वेळी एकच बदल. तिथे दोन अ‍ॅड-ऑन होती. पहिले बंद केले, तरी मेनू अडला. ते चालू करून दुसरे बंद केले, तरीही अडला. दोन्ही बंद केली, तरी तेच. चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळले नसते.

शेवटी सेटिंग्जमध्ये 'जनरल' विभागात 'युज हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' या ओळीसमोरची खूण काढली आणि प्रोग्राम बंद करून उघडला. मशीन झोपवले, उठवले, मेनू उघडला. पुन्हा केले, उघडला. दहा वेळा केले, दहाही वेळा उघडला.

कारण साधे आहे. पडद्यावर चित्र काढायचे काम हा प्रोग्राम चित्राच्या वेगळ्या भागाकडे, म्हणजे ग्राफिक्सकडे सोपवतो. त्या भागाला चालवणारा ड्रायव्हर जुना असेल, तर झोपेतून उठल्यावर तो गोंधळतो. मेनू खरे म्हणजे उघडत होता, पण पडद्यावर काढलाच जात नव्हता. ड्रायव्हर नवा टाकला की ती खूण परत करून बघता येईल.

हीच तऱ्हा तुमच्याकडे असेलच असे नाही. कुठे अ‍ॅड-ऑन दोषी निघेल. २०२० मधल्या ७८ क्रमांकाच्या आवृत्तीपासून जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन चालत नाहीत, तेही बघावे. कुठे पट्ट्यांची मांडणी लक्षात ठेवणारी एक्सयूएलस्टोअर.जेसन ही फाइल बिघडलेली असेल. थंडरबर्ड बंद करून तिचे नाव बदलले की प्रोग्राम नवी तयार करतो, टपालाला धक्का लागत नाही. कारणे वेगळी असतील, पण नोंद करा, बिघाड घडवून बघा, एका वेळी एकच बदल करा, हा क्रम तोच राहील.

दुसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन साहेबांसमोर गेली. दुपारी दोन वाजता त्यांना बोलावून जुन्या सेटिंगवर मेनू अडलेला दाखवला, नव्या सेटिंगवर उघडलेला दाखवला. साहेब वही चाळत राहिले. मग म्हणाले, "शेजारच्या मशीनचं पण बघ जरा." माफी कुणी मागितली नाही. पण दुसरी मुलगी बघायची गोष्टही परत निघाली नाही.

आम्ही तिला विचारले, "आता ती वही कुठाय?" म्हणाली, "टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, काका. तीस पानं शिल्लक हायत."

वाचकहो, तुमच्या मुलामुलींना नोकरीच्या पहिल्या दिवशी डब्याबरोबर एक चाळीस पानी वहीही द्या. 'तुला येत नाही' असे कुणी म्हटले, तर मान खाली घालण्याआधी त्यांनी ती उघडून दाखवावी.