डॉक्टरांची दोन मिनिटं

आमच्या परंड्यात दवाखान्यात सकाळी ९ ला नंबर लावला की आत जायला साडेअकरा वाजतात, आणि बाहेर यायला ११ वाजून ३२ मिनिटं. हे गणित मला लहानपणापासून पाठ आहे. फक्त आपल्याकडेच असं आहे असं समजू नका. २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात ६७ देशांचा आढावा आला होता. डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतात? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद! भारत दोन मिनिटांच्या आसपास.

तर या दोन मिनिटांवर आज थोडं लिहायचं आहे. कारण आमच्या घरी ती जवळजवळ महागात पडली होती.

आईला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. मागच्या दिवाळीत गावी गेलो तर पहाटे पहाटे तिला दरदरून घाम, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी. "डॉक्टरांना सांगितलंस का?" तर म्हणे, "सांगितलं की, दोनदा." कसं सांगितलं ते विचारलं तेव्हा उलगडा झाला. आधी गुडघा, मग ॲसिडिटी, मग सुनेचा खोकला. आणि चप्पल घालता घालता दारातून, "आन् हां, कधीकधी गरगरतंय." तोवर पुढचा पेशंट खुर्चीवर बसलेला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर जेवत जा." झालं.

मी तिची औषधांची पिशवी सतरंजीवर ओतली. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या नावांच्या गोळ्या. एक परंड्यातल्या डॉक्टरांची, एक बार्शीतल्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात दोन्हीवर तेच औषध, ग्लिमेपिराइड. आई इमानदारीत दोन्ही घेत होती. "ही इथली, ती बार्शीची!" साखर खाली जाणार नाही तर काय होणार? चूक कोणाची? दोघा डॉक्टरांनी आपापल्या माहितीवर बरोबरच लिहिलं होतं. पिशवी मात्र दोघांपैकी कोणीच पाहिली नव्हती, आणि आम्ही दाखवली नव्हती. त्याच दिवशी पाकिटं घेऊन गेलो, डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, आणि आठवड्यात पहाटेचा घाम थांबला.

आमच्या धंद्यात रोज एक तक्रार येते, "ॲप चालत नाहीये." बास, एवढंच. असा बग सगळ्यात शेवटी सुटतो. कधीपासून, काय केल्यावर, त्याआधी काय बदललं, हे लिहून आलं तर अर्धं काम तिथेच होतं. मग शरीराची तक्रार नेतानाच आपण "बरं वाटत नाही" एवढ्यावर का थांबतो?

म्हणून आता आमच्याकडे वहीचं अर्धं पान असतं. पहिल्या ओळीत ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ती गोष्ट. गुडघा नंतर. पुढे ती कधीपासून, दिवसातून केव्हा, काय केल्यावर वाढते. सोबत घरातली सगळी औषधं पिशवीतून, चूर्ण आणि शेजारणीने दिलेल्या गोळीसकट. आणि निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. "म्हणजे ही सकाळी जेवणाआधी आणि ती बंद, बरोबर?" दहा सेकंद लागतात. (छातीत दुखत असेल, धाप लागली असेल तर वही शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि गोळी मनाने बंद करू नका.)

कोणी म्हणेल, कागद काढला की डॉक्टर चिडतात. काही चिडतातही. पण स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३५ पेशंटना मधे न तोडता बोलू दिलं, तर त्यांचं म्हणणं सरासरी ९२ सेकंदांत संपलं. म्हणजे आपल्या दोन मिनिटांतही मावतं की! पण मुद्द्याचं आधी आलं तरच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. हे सगळं पेशंटच्याच गळ्यात का? मान्य. दोन मिनिटं कमीच आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. चांगलंच झालं. पण फी माफ केल्याने डॉक्टरांची मिनिटं वाढत नाहीत, त्यासाठी डॉक्टरच जास्त लागतात. ते मागितलंच पाहिजे, मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडे. आणि ज्यांच्या घरी पान लिहून देणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी हे काम बाकावर बसलेल्या अडीच तासांत एखाद्या सिस्टरला नक्की करता येईल. वेळ तिथे वाया जातोच आहे.

पण पहाटे खाली जाणारी साखर भरती निघेपर्यंत थांबत नाही ना.

असो. या रविवारी एकच करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधांची पिशवी सतरंजीवर ओता आणि पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावून.